चिरंजीवांचा संगणक

बैल घ्यायचा झाला तर भवानीनगरच्या माणसाला कोणी शिकवायला जाऊ नये. तो दात पाहील, खूर पाहील, खांदा दाबून पाहील, चार पावले चालवून पाहील आणि मग उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव बोलेल. पण संगणकाला दात नसतात. काळी पेटी, पुढे काच, आत रंगीबेरंगी दिवे, आणि विकणारा म्हणतो, "मास्तर, डोळे झाकून न्या." जी वस्तू डोळे उघडून पाहिली तरी काही कळत नाही, ती डोळे झाकून नेल्याने असा काय फरक पडणार होता?

गरज तिघांची होती. चिरंजीव यंदा बारावीत. त्याला खेळायला संगणक हवा. आमच्या सौभाग्यवती बचत गटाच्या सचिव. त्यांना हिशेबाला हवा. आणि मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर रंगांत पडलो तो पडलोच; एमएस-सीआयटी करावी लागली तेव्हा तीही केली. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि प्रकाशकाला आता हस्तलिखित नको असते. गरजा तीन, पण पैशांचा पाट एकच: दीड एकर उसाचे बिल. ते खात्यावर जमा झाले, सोसायटीची वसुली वजा झाली, आणि उरल्यातले पंचेचाळीस हजार मी या कामी बाजूला काढले. पुढचे बिल वर्षाने.

'गेम' हा शब्द ऐकून आमच्या थोरल्या बंधूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रमीचा नाद लागंल पोराला. पैशानं खेळत्यात म्हणं." मी त्यांना सांगितले, "दादा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टात संसदेने कायदाच केला, बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. याचा खेळ दुसऱ्या जातीचा." दादांना कायदा पटला; खेळ पटला असे म्हणता येणार नाही.

पहिले दुकान तालुक्याच्या गावचे. ते कोणते हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तसा माल जागोजागी मिळतो. 'आय सेव्हन, सोळा जीबी, चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड, किंमत अठ्ठावीस हजार.' मला तर सौदा सोन्यासारखा वाटला. चिरंजीव मात्र पेटीजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "अप्पा, ही आय सेव्हनची तिसरी पिढी आहे. २०१२ सालची. आणि कार्ड जीटी ७३०, ते २०१४ चं." नाव थोरले, पण पिढी म्हातारी! मोठेपणा नावात नसून पुढच्या आकड्यात असतो: बारावी पिढी, पाचवी पिढी, असे काहीतरी. शिवाय विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे यंत्र अधिकृतपणे स्वीकारत नाही. कार्डाची चार जीबी म्हणजे नुसती कोठी मोठी. काम करणारे हात थोडे. आम्ही दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडलो.

रात्री मी चिरंजीवाची तोंडी परीक्षा घेतली. मास्तरच्या घरात दुसरे काय होणार? "प्रोसेसर म्हणजे काय?" "मेंदू." "हे पुस्तकातलं झालं. मग ग्राफिक्स कार्ड कशाला?" त्यावर त्याने जे सांगितले ते मला इतके आवडले की दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितले. प्रोसेसर म्हणजे सहा हुशार मुकादम; कोणतेही अवघड काम द्या, विचार करून करतील. ग्राफिक्स म्हणजे ऊसतोडीची टोळी. शेकडो कोयते, पण प्रत्येकाचे काम एकच आणि एकाच वेळी. पडद्यावर चौकटी असतात, आडव्या १९२० आणि उभ्या १०८०. चौकटी पाडून चित्र मोठे करायला मी मुलांना वीस वर्षे शिकवतो आहे, पण या चौकटी भरतात २०,७३,६००, आणि खेळ चालू असताना त्या सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायच्या. म्हणजे एका सेकंदात बारा कोटी चव्वेचाळीस लाखांवर चौकटी! माझ्या वर्गातली मुले एक आंबा रंगवायला दोन तास घेतात.

मग टोळी घ्यायची तर भाडे परवडले पाहिजे. बरे स्वतंत्र कार्ड घेतले की निम्मे बजेट तिथेच संपते. चिरंजीवाने वहीच्या मागच्या पानावर तोडगा लिहून ठेवला होता: रायझन ५ ५६००जी. २०२१ सालचा प्रोसेसर, पण मुकादमांच्याच घरात छोटी टोळी राहायला असते. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट यांसारखे खेळ तो नीट चालवतो. मोठे, नवे, भारी खेळ नाही. "ते पुढच्या बिलावर," असे त्याने कंसात लिहिले होते. पोराला उसाचे अर्थशास्त्र कळते, हे पाहून मला बरे वाटले.

या जातीच्या प्रोसेसरला एक अट असते. त्याच्या टोळीला स्वतःची कोठी नसते, ती रॅममधूनच उचलते. म्हणून सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर एक दार उघडले काय आणि दोन उघडली काय, शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. आणि इथेच घोडे अडले. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव कडाडले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड संगणककेंद्रे उभी राहू लागली, त्यांच्याकडे मेमरीचे कारखाने वळले. आणि परिणामी भवानीनगरच्या एका मास्तरचा हिशेब चार हजारांनी चुकू लागला! चिरंजीव म्हणाला, "एकच पट्टी घेऊ, अप्पा." त्याचा आवाज ज्या तऱ्हेने खाली आला ती मला पाहवली नाही. गेल्या कादंबरीचे उरलेले मानधन मी काढून दिले. साडेतीनशे पानांची एक पट्टी झाली.

एका जागी मात्र मी काटकसर होऊ दिली नाही. स्वस्त पेटीबरोबर येणारा वीजपुरवठ्याचा डबा घेतला की पाचशे-हजार वाचतात, पण आमच्याकडची वीज लहरी. डबा जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो म्हणतात. तो नावाजलेला घेतला आणि जोडीला छोटा यूपीएस. वीज गेल्यावर खेळ जिंकायला नव्हे, लिहिलेले पान जपून ठेवायला. पडद्याबाबत चिरंजीवाला वेग हवा होता, मला रंग. आयपीएस जातीचा, १०० हर्ट्झचा चोवीस इंची पडदा घेऊन दोघांनी तह केला. ज्यांच्या घरात खेळणारे कोणी नसेल त्यांना या खटाटोपाची गरज नाही. कंपन्यांतून बाहेर पडलेले आठव्या पिढीचे जुने यंत्र पुण्यात पुष्कळ कमी पैशांत मिळते. त्यात एसएसडी आहे ना, एवढे पाहावे. लिनक्स घातले की विंडोजचे पैसेही वाचतात. आम्हाला ते जमले नाही, कारण व्हॅलोरंटचा पहारेकरी लिनक्सला दारातच अडवतो.

लॅपटॉपचा प्रश्न सौभाग्यवतींनी काढला. "अहो, उचलून नेता येईल असा का नको?" चिरंजीवाने उत्तर दिले की त्या किमतीत खेळण्याजोगा लॅपटॉप येत नाही, पुढे कार्ड बसवता येत नाही, बिघडला तर सगळाच बिघडतो. सगळे बरोबर होते. पण तो जून-जुलैत पुण्याला जाणार, वसतिगृहात राहणार, हे तिघांनाही ठाऊक होते. आई म्हणाली, "मग तू तिकडं कशावर खेळणार?" तो वहीत पाहत म्हणाला, "दिवाळीला येईन ना. आणि अप्पांची कादंबरी, तुझा गट... हा इथंच लागेल." सौभाग्यवती चहा टाकायला आत गेल्या. त्यानंतर लॅपटॉपचा विषय घरात निघाला नाही.

सुटे भाग आणून त्याने ओसरीवर बसून संगणक जोडला. दादा खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते. पहिल्यांदा पंखा फिरला तेव्हा त्यांनीच "आलं की!" म्हणून मांडीवर थाप मारली. आता सकाळी साडेपाच ते सात मी इनस्क्रिप्टवर लिहितो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, दोन आठवड्यांत बोटे रुळली. दुपारी बचत गट. रात्री नऊनंतर चिरंजीव, त्या वेळी घरात गोळीबार असतो आणि दादा पाठीमागे उभे राहून, "त्यो बघ, भिंतीमागं!" असे ओरडत असतात.

परवा त्याने पेटीची बाजूची झडप उघडून मला आतली एक लांबट खाच दाखवली. पुढच्या बिलावर कार्ड घ्याल तेव्हा मी नसेन, म्हणाला. आधी वीज बंद करायची, मागचे दोन स्क्रू काढायचे, कार्ड दोन्ही हातांनी सरळ दाबायचे, 'टक्' असा आवाज येईपर्यंत. मी ते चित्र काढून घेतले आहे. स्क्रू कोणते, तेवढे लाल रंगाने दाखवले आहेत.