तळाजाहून अलंगकडे : जहाजांवरच्या सामानाचा बाजार

पालीताण्याची यात्रा करून परतणारे आपल्याकडचे यात्रेकरू बहुधा तळाजाला थांबतात. शत्रुंजयापासून चाळीसएक किलोमीटरवर असलेली तालध्वजगिरीची ती टेकडी, तिच्या अंगातील प्राचीन लेणी आणि माथ्यावरची देरासरे यांचे दर्शन झाले की गाडी भावनगरच्या रस्त्याला लागते. वाटेत त्रापज नावाचे गाव येते. तेथून समुद्राच्या बाजूला एक फाटा फुटतो. त्या फाट्याने थोडे पुढे गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे दिसू लागते, ते पाहून प्रथमच येणारा माणूस गाडीची काच खाली केल्याशिवाय राहत नाही. उघड्या आवारात एकावर एक रचलेल्या शेकडो खुर्च्या, पत्र्याच्या छपराखाली उभी केलेली कपाटे, वॉशबेसिनांच्या रांगा, हाताच्या मनगटाएवढे जाड दोरखंड आणि या सगळ्यांच्या मध्ये, समुद्र दृष्टीसही पडत नसताना, नारिंगी रंगाच्या जीवरक्षक होड्या! हा अलंगचा जुना बाजार.

जगभरची जहाजे म्हातारी झाली की त्यांतील पुष्कळशी अखेरीस या किनाऱ्यावर येतात. १९८३ साली येथे पहिले जहाज तोडण्यासाठी लागले. किनारा निवडला तो खंभातच्या आखातातील भरतीमुळे. येथे भरती-ओहोटीच्या पातळीतील अंतर दहा मीटरच्या घरात जाते आणि तळ सपाट व टणक आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जहाज स्वतःच्याच यंत्रावर वेगाने किनाऱ्यात घुसवतात. ओहोटी लागली की ते कोरड्यावर उभे राहते. नौदलाचे ‘विराट’ २०२० च्या सप्टेंबरात येथेच आले. मुंबईहून २०१९ मध्ये सफरी करू लागलेले ‘कर्णिका’ हे प्रवासी जहाजही २०२० च्या अखेरीस येथे पोचले. आपल्या वाचकांपैकी कोणी कदाचित त्याच्या डेकवर फिरलेही असेल. प्रत्यक्ष तोडणीच्या आवारात परवानगीवाचून जाता येत नाही. आपल्यासाठी उघडा असतो तो हा रस्त्यावरचा बाजार. येथील दुकानांना स्थानिक बोलीत ‘खाडा’ म्हणतात. जहाज घेणारा व्यापारी पोलाद विकतो. आतले सामान वर्गवारीने खाडेवाल्यांकडे जाते. म्हणून एका खाड्यात नुसती स्वयंपाकघरातील स्टीलची भांडी, दुसऱ्यात केवळ गाद्या, तिसऱ्यात दारे आणि चौथ्यात लाकडी सामान अशी विभागणी दिसते. घाऊक व्यापाराची सवय असलेल्या आपल्या माणसांना ही रचना लगेच उमगते.

आम्ही गेलो ते गेल्या पौषात. घरात अकरा माणसे, आणि चौविहाराचा नियम असल्याने सर्वांचे संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकायचे. पौषात दिवस लहान. टेबल सहा जणांचे, त्यामुळे पेढीवरून पुरुषमाणसे घाईघाईने येत, मुले अर्धवट जेवून उठत, आणि सूर्य कलला तरी आम्हा दोघी जावांची पाने मांडलेलीच नसत. बारा माणसांचे नवे सागवानी टेबल करायला कराडच्या सुताराने जो आकडा सांगितला, तो ऐकून माझे दीर काही बोललेच नाहीत. पालीताण्याला जायचे ठरले होतेच. परतताना अलंग पाहू, असे यजमानांनी सुचवले. सासूबाई, ज्यांना घरात सारेच ‘बा’ म्हणतात, बरोबर होत्या.

जहाजावरचे फर्निचर पारखताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हे सामान हलत्या घरासाठी बनवलेले असते. टेबलाच्या कडा बोटाच्या पेराएवढ्या उंच ठेवलेल्या असतात, कारण लाटेने जहाज कलले की ताट घसरून जमिनीवर जाऊ नये. खण सरळ ओढला तर उघडत नाही; किंचित वर उचलून मग ओढावा लागतो. पुस्तकांच्या मांडणीला पुढून आडवी पट्टी असते. पलंगाला बाजूची फळी असते, झोपलेला माणूस गडगडू नये म्हणून. आणि खुर्ची-टेबलांच्या पायांत, तळाशी, जमिनीला जखडण्यासाठी पाडलेली भोके किंवा लोखंडी कड्या असतात. या खुणा मी मुद्दाम सांगते आहे, कारण या रस्त्यावर मांडलेला प्रत्येक नग जहाजावरून उतरलेला असतोच असे नाही. वरची चकाकी पाहून भाव करू नये. दुकानदाराला विनंती करून नग उलटा करवून घ्यावा. चांगला खाडेवाला यासाठी कधी कुरकुरत नाही. आम्हाला भेटलेल्या भाईंनी तर स्वतःच टेबल पालथे घातले आणि म्हणाले, “काका, ऊपर से तो सब अच्छा दिखता है.”

पालथ्या टेबलाखाली काय पाहावे? प्रथम सांधे. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत घट्ट बसवलेली असेल, किंवा खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत गुंतलेले असतील, तर ते काम टिकाऊ. नुसत्या खिळ्यांवर आणि गोंदावर उभे असलेले सामान दुसरे स्थलांतर सोसत नाही. दोन समोरासमोरचे पाय धरून तिरके दाबून पाहावे. सांधा कुरकुरला तर तो सैल आहे. मग कडेचा थर पाहावा. सलग लाकडात वरच्या अंगाच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसतात; प्लायवूडला पापुद्रे दिसतात; दाबलेल्या भुशाच्या बोर्डाची कड बिस्किटासारखी भुरभुरीत असते आणि ओल लागली की फुगते. समुद्रावरचे म्हणजे सगळे सागवान, ही समजूत तेथे एका तासात दूर होते. आगीच्या भयामुळे अलीकडच्या जहाजांत लाकूड बेताचेच असते. लोखंडी चौकट, चांगले प्लायवूड आणि वर लॅमिनेट अशी बांधणी पुष्कळ आढळते. माझ्या मते त्यात कमीपणा काही नाही. जहाजासाठीचे चांगले प्लायवूड आपल्या बाजारातल्या स्वस्त प्लायवूडपेक्षा खात्रीने अधिक टिकते. फक्त त्याला सागाचा भाव देऊ नये.

आपल्या घरांच्या दृष्टीने लाकडातील जीव हा आणखी महत्त्वाचा विषय. सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखा ताजा भुगा दिसला, तर तो नग कितीही देखणा असला तरी तेथेच सोडावा. घरी आणल्यावर पुढे एकच वाट उरते, औषध घालून ते जीव मारण्याची. ती वेळच येऊ नये. पॉलिशचेही तसेच. जुन्या फ्रेंच पॉलिशमध्ये लाख असते, आणि लाख कीटकांपासून मिळते; श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचे नाव आहेच. जुन्या थराला आता काही करता येत नाही, पण नव्याने पॉलिश करायचेच असेल तर सुताराला जवसाच्या तेलाचे सांगता येते. आम्ही तेच केले.

आम्हाला पसंत पडलेले पहिले टेबल लांबलचक, भक्कम, बारा माणसांचे होते. भावही बेताचा. ते जहाजाच्या मेसमधले, म्हणजे खलाशांच्या जेवणघरातले होते. बांनी त्यावर हात फिरवला आणि विचारले, “यावर काय काय जेवले असतील?” भाई काही बोलले नाहीत. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, “बा, लग्नकार्यात, प्रवासात आपण बाहेरच्या टेबलांवर बसतोच की. आणि हे तर घासून, रंधा मारून नवे होईल.” म्हणणे खोटे नव्हते. बा म्हणाल्या, “बाहेर बसतो ते दोन घटका. हे रोज समोर राहणार.” यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मला स्वतःला जाऊबाईंचे पटत होते; लाकडाला काही आठवत नाही. परंतु ज्या पानावर बसून बांना रोज दोन घास सुखाने जायचे आहेत, त्यावर त्यांचा शब्द शेवटचा, हेही तितकेच खरे होते. बारा माणसांचे टेबल आणून त्यावर दहाच माणसे बसली आणि बा पाटावर वेगळ्या बसल्या, तर या खटाटोपाचा उपयोग काय?

भाईंना या शंकेचे नवल वाटले नाही. पालीताण्याचे यात्रेकरू त्यांच्याकडे नेहमीच येतात. त्यांनी आम्हाला मागच्या छपराखाली नेले. तेथे जहाजाच्या कार्यालयातील सामान वेगळे ठेवले होते: कागदपत्रांची कपाटे, लिहिण्याची मेजे, आणि बैठकीची दोन जुळी टेबले. खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाने ‘शिप्स ऑफिस’ अशी इंग्रजी अक्षरे होती. प्रत्येकी सहा माणसे बसतील अशी. लोखंडी पाय, वर लॅमिनेट, कडेला सागाची पट्टी. नकाशे पसरण्याचे एक अप्रतिम मेजही तेथे होते, उथळ रुंद खणांचे. परंतु ते उभे राहून काम करण्यासाठी केलेले असल्याने उंची बरीच. जेवणाच्या टेबलाची उंची पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास असावी लागते. म्हणून मोजपट्टी बरोबर न्यावी, आणि घराच्या दाराची रुंदी, जिन्याचे वळण, लिफ्टची खोली हे आकडे आधीच कागदावर लिहून घ्यावेत. पाय सुटे होतात की नाही तेही विचारावे. आमच्या जुळ्या टेबलांचे होत होते.

काही वस्तूंच्या वाटेला मात्र जाऊच नये. गाद्या आणि कापडी सोफे स्वस्त मिळतात, पण तेलाचा व खाऱ्या हवेचा वास जाता जात नाही, आणि आत ढेकूण आहेत की काय हे वरून कळत नाही. त्याहून गंभीर गोष्ट जहाजाच्या भिंतींचे व छताचे पत्रे, तसेच आग अडवणारी जाड दारे यांची. जुन्या जहाजांत त्यांच्या आत ॲस्बेस्टॉस भरलेले असू शकते. २०११ पासून जहाजांवरील नव्या कामात त्याला पूर्ण बंदी आहे. परंतु तोडायला येणारी जहाजे बहुधा त्याआधीची. अशी फळी घरी आणून करवतीने कापली तर जी धूळ उडते तिचे तंतू फुप्फुसात बसतात, आणि आजार अनेक वर्षांनी डोके वर काढतो. दुकानाच्या फाळणीसाठी किंवा गोदामाच्या छतासाठी ‘स्वस्त आणि न जळणारा पत्रा’ म्हणून कोणी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणावे. दिवे, पंखे, शीतकपाटे घेतानाही जपावे. जहाजावरची वीज बहुधा साठ हर्ट्झची आणि काही ठिकाणी ११० व्होल्टची असते. आपल्याकडची पन्नास हर्ट्झ, २३० व्होल्ट. आणि हस्तिदंत जडवलेली जुनी वस्तू कोणी दाखवलीच, तर तो व्यापार कायद्यानेही बंद आहे आणि धर्मानेही.

भावाविषयी आपल्या वाचकांना मी काय सांगावे! एवढेच की येथे एक नग घेणाऱ्यापेक्षा चार नग घेणाऱ्याचे ऐकले जाते. आम्ही दोन टेबले, बारा खुर्च्या आणि आडव्या पट्टीची एक मांडणी एकत्र मागितली, तेव्हा सांगितलेल्या किमतीच्या साधारण दोन-तृतीयांशावर सौदा तुटला. पक्के बिल घ्यावे. माल पन्नास हजारांच्या वर गेला तर ई-वे बिल लागते, आणि बिलावाचून परराज्यात निघालेला ट्रक कोठे अडेल ते सांगता येत नाही. वाहतुकीचा खर्च आधी विचारून तो किमतीत मिळवूनच हिशोब करावा. एखादी खुर्ची नेण्यासाठी हा बाजार परवडत नाही. भावनगरहून पुण्याकडे येणाऱ्या मालट्रकमध्ये जागा घेतली तर खर्च निम्म्यावर येतो, मात्र चार-सहा दिवस वाट पाहावी लागते.

आमचा माल बांधला जात होता तेव्हा ओरिसाचा एक तरुण खुर्च्यांना जुनी कांबळी गुंडाळत होता. पूर्वी तो तोडणीच्या आवारात होता. ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडची हजारो मुले तेथे राबतात. गॅसच्या ज्योतीने पोलाद कापताना आग, पडझड, विषारी वायू यांनी आजवर अनेकांचे प्राण घेतले आहेत. २०१९ मध्ये आपल्याकडे जहाज पुनर्वापराचा कायदा झाला, आणि हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार २०२५ च्या जूनमध्ये अमलात आला. जहाजात कोणते घातक पदार्थ कोठे आहेत याची यादी आता लागते. “काम आधीपेक्षा बरे आहे,” तो म्हणाला, “पण आई नको म्हणाली, म्हणून इकडे आलो.” बांनी पिशवीतून काढलेली सुखडी त्याच्या हातावर ठेवली. स्वस्त मिळालेल्या त्या सामानाच्या हिशोबात त्याच्यासारख्यांचे श्रमही आहेत, ही गोष्ट परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही, पण बराच वेळ गाडी शांत होती.

माल सहाव्या दिवशी कराडला पोचला. दोन्ही टेबले लांबीत जोडली तेव्हा जेवणघराच्या दोन्ही बाजूंना वीत-वीतभर जागा उरली. जोडाच्या बाजूची उंच कड सुताराला काढावीच लागली. उरलेल्या कडेला रंधा लावायला तो वाकला, तेव्हा बांनी त्याला थांबवले. दुपारी त्या त्याच टेबलावर मूग निवडायला बसतात. कड असली की एक दाणा खाली पडत नाही.