मोडी, यंत्र आणि तीन टिंबे

मोडी लिपीबद्दल आपल्याकडे आदर पुष्कळ, ओळख मात्र फार थोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी कुलकर्ण्याच्या दप्तरापासून सावकाराच्या पेढीपर्यंत सर्रास चाले, ती आज आपल्यापैकी कितीजणांना वाचता येते, हे वर्गात हात वर करून पाहावे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. तेथील कागदांची मोजदाद कोटींत करतात. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. त्याआधी १८९८ पासून इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मिळवलेले कागद ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून प्रसिद्ध केले. एवढे होऊनही न वाचलेला ढीगच मोठा आहे. तुटवडा कागदांचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे.

म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेला मोडी शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. रीत तशी समजण्यासारखी आहे. मोडी पानाचे छायाचित्र आणि जाणकाराने केलेले त्याचे देवनागरी लिप्यंतर, अशा शेकडो-हजारो जोड्या यंत्रापुढे ठेवायच्या. त्यावरून कोणत्या वळणाला कोणते अक्षर आणि कोणत्या शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो, हे यंत्र शिकते. ‘बहुधा’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

मी तेव्हा नुकतीच मोडीच्या वर्गाला जाऊ लागले होते. मैत्रीण म्हणाली, “अगं, यंत्र वाचणार आहे ना आता? मग तू कशाला डोळे फोडून घेतेस?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मोडी डोळे फोडतेच. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचे, ही तिची चाल. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात जुन्या कागदांवरचा सुहूर सन अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, इसवी सन १७६०-६१, अर्थात पानिपतचे वर्ष. घाईने ‘सितैन’चे ‘सबैन’ वाचले की साठाचे सत्तर होतात आणि पानिपतच्या मोहिमेतला कागद थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांत जाऊन पडतो!

मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला घरातच मिळाले. आमच्या आणि चुलत घराच्या मध्ये एक विहीर आहे आणि तिच्या पाण्यावरून मी जन्मायच्या आधीपासून वाद आहे. पणजोबांच्या काळचे मोडी वाटणीपत्र ट्रंकेत होते. वडिलांनी कुणाकडून तरी त्याचे यंत्राने लिप्यंतर करून आणले. मजकूर कसा सरळ, न अडखळणारा! त्यात स्पष्ट होते, “विहिरीचे पाणी निम्मे.” आमच्या वाट्याला पाव पाणी येत असल्याने वडील खूष झाले. वकिलाकडे जाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या.

मी तो मूळ कागद आमच्या मोडीच्या सरांकडे नेला. वडीलही बरोबर आले. सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ ‘विहिरीचे पाणी’ येथपर्यंत लागते. पुढे कसरीने खाल्ले आहे.” आणि त्यांनी आपल्या वहीत तेथे तीन टिंबे दिली.

“पण सर, यंत्राने तर निम्मे वाचलं आहे.”

“भोकात काय वाचणार, साहेब? पुष्कळ वाटणीपत्रांत निम्मे असते, म्हणून त्याने निम्मे लिहिले. त्याला वाटणीपत्रे ठाऊक आहेत; तुमचे वाटणीपत्र ठाऊक नाही.”

वडील वाटभर बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलतकाकांना बोलावून तोच कागद टिंबांसकट दाखवला. वाद मिटला नाही. पण कागदात नसलेल्या शब्दावर तो कोर्टातही गेला नाही.

यावरून यंत्र टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. योग्य काम दिले तर ते काय करते, याचे उदाहरण इटलीतले आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली हर्क्युलेनियम गाव गाडले गेले आणि तेथील ग्रंथांच्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला. उलगडू जावे तर भुगा होतो. त्या न उलगडता काढलेल्या क्ष-किरण प्रतिमांत २०२३ साली लूक फॅरिटर या अमेरिकेतील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या साहाय्याने ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द हुडकला. आपल्याच वयाचा मुलगा! पण यंत्राने दाखवली ती शाई. शब्दाची खात्री करून घ्यायला ग्रीक हस्तलिखिते जाणणारे पंडितच लागले. ते नसते तर तो शब्द खरा की भास, हे कुणी सांगितले असते?

आपल्या दप्तरखान्यांचेही तसेच आहे. कोणत्या रुमालात कोणत्या गावाचे, कोणत्या सालाचे कागद असावेत, याचा पहिला चाळा यंत्राने जरूर करावा. माणसाच्या अनेक पिढ्यांचे काम त्याने काही वर्षांत होईल. मात्र ते चूक वाचते आहे हे कळायला बरोबर वाचणारा कुणीतरी हवा. तो उरला नाही तर गावोगावची ‘निम्मे पाणी’ इतिहास म्हणून छापली जातील आणि ती खोडणारा कुणी नसेल. शिवाय यंत्राला शिकवायची लिप्यंतरे तरी कोण करणार?

तेव्हा मैत्रिणीला मी सांगितले, की यंत्र आले म्हणूनच मोडी शिकायची. महिना-दीड महिन्यात अक्षरे ओळखता येतात. हात आणि डोळा बसायला मात्र वर्षे लागतात. सुरुवात ज्याने त्याने आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेपासून करावी. जेथे लागेल तेथे वाचावे, आणि जेथे लागत नाही तेथे न लाजता तीन टिंबे द्यावीत.