वजन

परवाच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "समाजात आपलं जे काही वजन आहे ते चांगल्या कामी लावा." मंडळीनं माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी येऊन चहा पिताना लक्षात आलं, माझं वजन म्हणाल तर सत्त्याहत्तर किलो, आणि तेही डॉक्टर कमी करायला सांगताहेत.

थट्टा सोडा, पण हा शब्द आपल्याकडे वाईट संगतीत वाढलाय खरा. कचेरीत फाइलीवर ठेवावं लागतं ते वजन. 'त्यांचं वरपर्यंत वजन आहे' असं कुणी म्हटलं की ऐकणारा खुर्ची सरकवतो. त्यात आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आम्ही कुणाच्या उपयोगी पडलो की समोरच्याच्या मनात हळूच येतं, हे लोक आपल्या धर्मात ओढायला तर आले नाहीत? राग येतो, पण तांब्याभर पाण्याबरोबर पत्रक हातात दिल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, असेही आमच्यात आहेतच.

मला वजन म्हटलं की आत्याचा वजनकाटा आठवतो. आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं व्हरांड्यातल्या वाशाला तो स्प्रिंगचा काटा टांगला. गोल तबकडी, तिच्यावर गंजाचा एक डाग, खाली जुन्या नऊवारीची झोळी. गल्लीतल्या बाया संध्याकाळी पोरं घेऊन यायच्या. आत्या चष्मा कपाळावरून खाली ओढायची, आकडा बघायची आणि वहीत लिहायची. बाळ घटलं असेल तर आईला आधी विचारायची, "तू काय जेवलीस?" बाळाचं नंतर. सासू बरोबर असेल तर हाच प्रश्न जरा मोठ्यानं. येशूचं नाव त्या व्हरांड्यात मी कधी ऐकलं नाही. नाताळात करंज्यांचं ताट मात्र झाडून सगळ्या घरांत जायचं.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट आमच्याकडे शब्बाथशाळेपासून ऐकवतात. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा माणूस भेटला. त्या काळी साहेब डब्यात आला की नेटिवानं अंग चोरायचं. हा मात्र अदबीनं वागला, संस्कृत काव्यावर बोलत बसला आणि उतरण्याआधी नव्या कराराची प्रत देऊन गेला. दोन वर्षांनी, 1895 मध्ये, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट सांगणारे त्या पुस्तकावर जोर देतात. मला मात्र ती अदब आधी दिसते.

आणि घरात? जगाला वळवू निघालेल्या या कवीची बायको जागची हलेना. लक्ष्मीबाई पुढची कितीतरी वर्षं सोवळंओवळं सांभाळून राहिल्या. जात माणसानं केली की देवानं, हा प्रश्न त्यांनी शेवटी स्वतःच स्वतःला घातला आणि उत्तरही स्वतःच काढलं. कुणाचं प्रवचन त्याला लागलं नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला सारखं वाटतं, टिळकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या वाट पाहण्याचं वजन बाईंवर जास्त पडलं असावं. पुढे त्याच घरात बालकवी मुलासारखे वावरले. ते काही ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घराची माया त्यामुळे उणावली नाही.

आमच्याच जिल्ह्यात वजनाचा आणखी एक वापर झाला. तो जरा बेरकी होता, म्हणून मला फार आवडतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं 1970 साली जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जाऊन आलेले. शहरात बंगला बांधता आला असता. लगोलग दुष्काळाची वर्षं आली. गावोगाव बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसेल असं आरोळ्यांनी पाहिलं. अस्पृश्यतेवर भाषण नाही, काही नाही. ज्याला पाणी हवं त्यानं हंडा घेऊन तिकडं यावं, एवढंच. घसा कोरडा पडला की माणूस विटाळ किती दिवस धरून बसणार? मग त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेत न गेलेल्या, दलित, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या. बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्या शिकल्या. काल जिला उंबऱ्याबाहेर उभं करत, तिलाच रात्री-अपरात्री बोलावणं येऊ लागलं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरचं असतं तेवढं वजन कुणाचं खेड्यात असत नाही. यांनी ते त्या बायांत वाटून टाकलं.

आत्याचंही वजन होतं म्हणा. तालुक्याच्या कचेरीतला एक शिपाई तिच्या हातावर जन्मलेला. दोन कारकुनांच्या बायकांची बाळंतपणं तिनंच केलेली. कुणा विधवेचं पेन्शन अडलं की ती बरोबर जायची आणि बाकावर विणकाम घेऊन नुसती बसायची. तासाभरात कागद हलायचा. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो तेव्हा म्हटलं, "आत्या, माझ्यासाठीपण बस ना एकदा त्या बाकावर."

ती विणतच राहिली. "तुला बाप आहे, काका आहेत, मी आहे," म्हणाली. "त्या बायांना कोण आहे?"

मी दोन महिने तिच्याशी धड बोललो नाही. नोकरी पुढं लागली, तिच्याशिवाय. तो राग आता आठवला की कान गरम होतात.

आत्या गेल्यावर काटा माझ्याकडे आला. बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. अंगणवाडीत आता नवे काटे आहेत, याचं काय काम, म्हणून मी भंगारात द्यायला काढला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची सून तान्ह्याला घेऊन दारात उभी. कुणीतरी तिला सांगितलं होतं, यांच्याकडे वजन करतात.

मी स्टुलावर चढून काटा गॅलरीच्या गजाला टांगला. बायकोनं जुनी साडी फाडली. बाळ झोळीत पाय झाडत होतं, काटा चारच्या आसपास थरथरत होता. "किती आहे, काका?" तिनं विचारलं. बाळ हलतंय तोवर आकडा वाचायचा नाही, असं आत्या सांगायची. मी तबकडीवर डोळे लावून थांबलो. मग बायकोनं तिला विचारलं, "तू जेवलीस का गं?"