काळी तीन

चकलीचा सोऱ्या हे आमच्या घरात गेली चाळीस वर्षे माझे खाते आहे. चिवड्यात खोबरे किती घालावे, अनारशाला गूळ कोणता घ्यावा, या कामी माझा सल्ला कोणी विचारीत नाही आणि मी आपण होऊन दिला तर ऐकत नाही. पण चकलीचे पीठ मळून झाले की आतून हाक येते, “अहो, या आता,” आणि मी बाह्या सरसावून स्वयंपाकघरात जातो. सोऱ्या पितळेचा, जुना. डाव्या हाताने घट्ट आवळून धरायचा आणि उजव्याने मूठ फिरवायची. 2021 च्या दिवाळीत ती मूठ निम्म्यावर आली आणि माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ उठली की हात आपोआप सुटला. चकलीचा वेढा पुरा न होताच तुटला.

“पीठ घट्ट झालंय का हो?” बायकोने विचारले.

“हो, पीठच घट्ट आहे,” मी म्हणालो.

निरपराध पिठावर मी असा आळ घेतला, याचे कारण त्या अंगठ्याचे दुखणे मला नवे नव्हते. दोन वर्षे ते मी जाणून होतो. फक्त ते गिटार वाजवताना होई, आणि म्हणून कोणाला सांगायचे नाही, असे मी ठरवले होते.

गिटारचे वेड मला एकोणिसाव्या वर्षी लागले, म्हणजे 1971 साली. आमचे बिऱ्हाड तेव्हा गिरगावात होते. धोबी तलावाच्या बाजूला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गोवेकर मास्तर शिकवीत. घरात पेटी होती, चुलते तबला वाजवीत, त्या घरात मी ती सहा तारांची पेटी घेऊन आलो तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्र खाली करून एकदा पाहिले आणि “हे विलायती तुणतुणं कुठून आणलंस?” एवढेच विचारून पुन्हा वर्तमानपत्र वर केले. पुढे सात वर्षांनी माझे लग्न झाले. आलेली सून गात होती. गाण्याच्या बाईंकडे पेटीवर रीतसर शिकलेली, काळी चारमध्ये मोकळा आवाज लावणारी. आमच्या घरी आल्यावर पहिल्याच दिवाळीत तिने एक भावगीत म्हटले आणि मी साथीला गिटार घेतली. ऐकून वडील वर्तमानपत्र खाली ठेवून बसले, ते गाणे संपेपर्यंत त्यांनी उचलले नाही.

तेव्हापासून भाऊबीजेची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडचे गाणे. वास्तविक भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे. पण आमची ताई उलटी वाट चालून आमच्याकडे येते. ओवाळणीचे तबक ती पिशवीतून बरोबर आणते. पुढे गिरगाव सुटले, आम्ही डोंबिवलीला आलो, तरी हा क्रम मोडला नाही.

चकलीनंतर लपवणे अवघड झाले. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले, अंगठ्याचे मूळ दाबले, बोटांच्या शेवटच्या पेरांवर आलेल्या टणक गाठी चाचपल्या आणि म्हणाले, “हा आमवात नव्हे. झिजेचा संधिवात.” सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजते, हाड आपल्या परीने डागडुजी करू पाहते आणि त्या डागडुजीच्या या गाठी. विल्यम हेबर्डन नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज वैद्याने त्यांचे वर्णन करून ठेवले, म्हणून त्यांना हेबर्डनच्या गाठी म्हणतात. बोटे माझी आणि गाठी हेबर्डनच्या! डॉक्टर पुढे म्हणाले, “वाजवणं बंद करा असं मी म्हणत नाही. घट्ट धरणं बंद करा.”

पण माणूस वैद्याचे नेहमी अर्धेच ऐकतो. मी त्यातले “बंद करा” तेवढे घेऊन घरी आलो. गिटार पेटीत घातली आणि पेटी कपाटावर ठेवली. खरे सांगायचे तर यात दुखण्यापेक्षा मानीपणाच अधिक होता. पन्नास वर्षे जी बोटे न पाहता जागेवर पडत, ती आता चाचपडत पडणार, मध्येच तार फुसकी निघणार आणि लोक “वयाच्या मानाने छान” म्हणणार! त्यापेक्षा वाजवूच नये. मी मनाशी त्याला संन्यास म्हणत होतो. रुसवा म्हणायला हवे होते.

2022 ची भाऊबीज गाण्यावाचून गेली. ताईने ओवाळले, फराळ झाला, मग सगळी मंडळी दूरदर्शन संचासमोर बसली. जाताना ताई दारात माझ्या बायकोला म्हणाली, “तू तरी म्हणायचंस ग एखादं.” ती हसून म्हणाली, “साथीशिवाय जमत नाही आता.” हे मी ऐकले आणि विसरलो. घरात गुणगुणणेसुद्धा थांबले आहे, हे माझ्या कानांना कळायला आणखी चार महिने जावे लागले. आपले दुःख पुरेसे मोठे असले की दुसऱ्याचे मौन ऐकू येत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत नातीची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले असल्यामुळे ती वही घेऊन माझ्याकडे आली. प्रयोग निघाला सोनोमीटरचा. एक लाकडी पेटी, तीवर ताणलेली तार, टोकाला लोंबणारी वजने. “आजोबा, ताण आणि कंप्रता यांचा संबंध सांगा ना.” मी डोळे मिटून सांगू लागलो : कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सूर दुप्पट उंच करायचा तर वजन चौपट हवे, उलट सूर थोडासा उतरवला तर ताण त्या मानाने पुष्कळ उतरतो… आणि मी थांबलो. कपाटावरची पेटी मला समोर दिसत होती.

चौतीस वर्षे मी हे फळ्यावर लिहीत आलो, संध्याकाळी घरी येऊन गिटार घेत आलो, आणि या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख करून देण्याचे मला सुचले नव्हते! नात गेल्यावर मी कागद घेतला. सगळ्या तारा एका स्वराने उतरवल्या तर ताण सुमारे पाचवा हिस्सा कमी होतो. तार बारीक घेतली तर आणखी. माझी सर्वांत बारीक तार एक इंचाच्या हजार भागांपैकी बारा भाग जाडीची होती; दहा भागांची घातली तर त्याच सुराला ताण तीस टक्क्यांनी कमी लागतो. दोन्ही केले तर त्या तारेवर मूळच्या ताणाच्या पंचावन्न टक्केच उरतात. म्हणजे जवळजवळ निम्मा!

दुसऱ्याच दिवशी गिटार काखोटीला मारून मी लोकलने मुंबईला गेलो. दुरुस्ती करणारा कारागीर चाळिशीचा होता. त्याने गंजलेल्या तारा काढल्या, बारीक घातल्या, घोडीवरची पांढरी पट्टी किंचित घासून तारा पडद्यांच्या जवळ आणल्या. फार जवळ आणल्या तर त्या पडद्यांना लागून झणझणतात, म्हणून तो घासायचा, वाजवून पाहायचा, पुन्हा घासायचा. पैसे घेताना म्हणाला, “काका, आता हिला जोरात मारायचं नाय. हलक्यानं वाजवायचं.” डॉक्टरांनी सांगितले तेच, पण याचे मी पुरते ऐकले.

मग शिकणे सुरू झाले. शिकण्यापेक्षा विसरणे म्हणा. माझी एक जन्माची खोड होती : गिटारची मान अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत पकडायची, जणू ती पळून जाणार आहे. आता अंगठा मानेमागे नुसता टेकवायचा आणि तार पडद्याला अगदी लागून दाबायची. तिथे थोडक्या जोरात सूर स्वच्छ निघतो. सकाळी उठल्यावर हात अर्धा घटकाभर लाकडासारखे असतात, त्यांना त्या वेळी विचारायचेच नाही. वाजवण्याआधी कोमट पाण्यात हात. दहा मिनिटे वाजवणे, तेवढाच विसावा.

सर्वांत दुष्ट होता बी मायनर. त्यात पहिले बोट आडवे टाकून ओळीने तारा दाबायच्या असतात आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. पंधरा दिवस मी त्याच्याशी भांडलो. मग एके दिवशी खालच्या तीन बारीक तारांवर तीन बोटे नुसती उभी ठेवली : दुसरा पडदा, तिसरा पडदा, चौथा पडदा. तेवढ्यात बी मायनरचे तिन्ही सूर येतात! बाकीचे तीन सूर पन्नास वर्षे मी पुनरुक्तीसाठी वाजवीत होतो.

आमचे मास्तर जँगो राइनहार्टची गोष्ट सांगत. फ्रान्समधला हा भटक्या जमातीचा वादक 1928 साली गाडीला लागलेल्या आगीत भाजला, डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने अशी स्वरमालिका धावती केली की चार बोटांचे वादक थक्क झाले. गोष्ट खरी आहे. पण तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि शिवाय जँगो राइनहार्ट होता. मला तिचा फारसा आधार वाटला नाही. एका स्नेह्याने ब्रिजभूषण काब्रांचे उदाहरण दिले. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, डाव्या हातातला दांडा तारांवरून सरकवीत रागदारी वाजवली. 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्यासाठी आजही ऐकतात. त्यात बोटांनी तार दाबायचीच नसते, ही गोष्ट मोहक होती. आठ दिवस मीही दांडा सरकवून पाहिला. शेजारच्यांनी मांजराची चौकशी केल्यावर तो नाद सोडला.

काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. माझी एक आवडती द्रुत सुरावट होती, तारुण्यात तिच्यावर मी पुष्कळ टाळ्या घेतल्या होत्या. ती आता येत नाही. दोन महिने खटपट करून मी ती सोडून दिली. अजूनही रेडिओवर तसे काही लागले की बोटे मांडीवर हलतात.

हे सारे मी दुपारी, बायको वामकुक्षी घेत असताना करीत असे. एका दुपारी तिची झोप लागली नसावी. मी नेहमीच्या सवयीने पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा तो चिमटा, लावून तिच्या त्या पहिल्या भावगीताची चाल छेडीत होतो; आणि आतून आवाज आला. मागून येऊन ती दारात उभी राहिली, उभ्यानेच गात. अंतऱ्यातला वरचा षड्ज तिने असा सहज घेतला की मी चमकून वर पाहिले.

तेव्हा माझ्या लक्षात आले. तारा एका स्वराने उतरवलेल्या. कॅपो मात्र जुन्याच जागी. आम्ही काळी चारमध्ये नव्हतोच. मी घाईघाईने म्हणालो, “थांब, चुकलं. कॅपो दोन पडदे वर सरकवतो, म्हणजे तुझी काळी चार येईल.”

“नको,” ती म्हणाली. “राहू द्या.”

मी पाहत राहिलो. ती कॉटच्या कडेवर बसली आणि पदराशी चाळा करीत म्हणाली, “सहा-सात वर्षं झाली, वरचा सा ओढून घ्यावा लागतो मला. गाऊन झालं की दोन दिवस घसा धरतो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमची बोटं त्या पट्टीत बसलेली. आणि…” ती थोडी थांबली. “बाईंनी दिलेली पट्टी सोडायची म्हणजे कसंसंच वाटत होतं. तुम्ही चकलीच्या वेळी पिठाला नावं ठेवलीत ना, तसंच.”

म्हणजे पिठाचे तिला तेव्हाच कळले होते.

2023 च्या भाऊबीजेला ताई आली, तबक पिशवीतून निघाले, ओवाळणे झाले. मग बायकोने काळी तीनमध्ये गायला सुरुवात केली. दुसऱ्या अंतऱ्यात बी मायनर येतो. तिथे माझ्या तीन बोटांना जागेवर उभे राहायला क्षणभर अधिक लागतो. तिची नजर माझ्या हातावर होती. आधीचा सूर तिने लांबवला, हलकेच एक वळसा दिला आणि माझी तार वाजल्यावरच पुढचा शब्द घेतला.

गाणे संपल्यावर आमचे मेव्हणे मान डोलावीत म्हणाले, “वहिनी, ही हरकत नवीन घेतलीत या खेपेला. फार सुरेख!”

ती काही बोलली नाही. मी चकल्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.