शिवजयंती नेमकी कोणत्या दिवशी? उत्सव समित्यांची सव्वाशे वर्षांची गोष्ट

१/
१९ फेब्रुवारी २०३० रोजी, शासनमान्य तारखेप्रमाणे, शिवजन्माला चारशे वर्षे पूर्ण होतील. जुन्या बखरीतली तिथी प्रमाण मानली, तर ही चारशे वर्षे २०२७ मध्येच भरतात. मारुंजी, हिंजवडी, माण, नेरे, जांबे अशा गावांत समित्या बसतील तेव्हा वर्गणी, मंडप, ढोलपथक आणि मिरवणुकीचा मार्ग या विषयांच्याही आधी एक प्रश्न पटलावर येईल : दिवस कोणता धरायचा? हा प्रश्न सव्वाशे वर्षे प्रत्येक समितीसमोर आला आहे. कोणी त्याचे उत्तर कसे दिले आणि उत्सव संपल्यावर मागे काय उरले, याचा हा धागा.

२/
आजचे चित्र आधी पाहू. जयंतीच्या आदल्या रात्री तरुणांची पथके शिवनेरीवरून ज्योत घेऊन निघतात. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण असे करत ती पहाटेपर्यंत आपापल्या गावच्या चौकात पोहोचतात. काही गावांत हा सोहळा वर्षातून दोनदा होतो : एकदा १९ फेब्रुवारीला, एकदा फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे धुळवड आणि रंगपंचमी यांच्या मधल्या दिवशी. एका माणसाचा एकच जन्म, आणि जयंत्या दोन. त्यातही आजोबांच्या पिढीला आठवते ती वैशाखातली तिसरीच.

३/
सुरुवात रायगडावरून. महात्मा फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या पंचवीस वर्षांत रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेकडे अनेकांनी लक्ष वेधले. मे १८९५ मध्ये पुण्यात हिराबागेत सभा झाली, निधी गोळा होऊ लागला आणि श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ आकाराला आले. टिळकांनी 'केसरी'तून हा विषय घरोघरी नेला. समाधीचा जीर्णोद्धार हे मूळ काम. उत्सव त्या कामासाठी लोक जमवण्याचे साधन.

४/
पहिला मोठा उत्सव रायगडावर १५ एप्रिल १८९६ रोजी झाला. पंचांग उघडले की या तारखेचा उलगडा होतो : त्या वर्षीची ती वैशाख शुद्ध द्वितीया, अक्षय तृतीयेचा आदला दिवस. तेव्हा सर्वमान्य असलेली जन्मतिथी हीच. समाधीचे काम मात्र निधी, परवानग्या आणि संस्थात्मक अडचणी यांतून वाट काढत १९२६ च्या सुमारास पुरे झाले. उत्सव भरवायला एक वर्ष लागले, दगड बसवायला तीस.

५/
१८९७ मध्ये पुणे प्लेगने ग्रासले होते. त्या वर्षी पुण्यातला शिवोत्सव जूनमध्ये, राज्याभिषेकाच्या तिथीला धरून झाला. तिथली व्याख्याने 'केसरी'त छापून आली. त्यानंतर काही दिवसांतच, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यात दुसरा उत्सव झाला : राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. तिथून परतणाऱ्या रँडवर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढे 'केसरी'तल्या शिवोत्सवाच्या मजकुरावरच राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. उत्सव समितीचे इतिवृत्त न्यायालयात पुरावा होऊ शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

६/
आता तिथीकडे. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ (इ. स. १६२७) ही तिथी प्रामुख्याने चिटणीस बखरीमुळे रूढ झाली. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. याउलट महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत जन्माची तिथी दिलेलीच नाही. जवळच्याने मौन पाळले आणि दूरच्याने नेमका दिवस सांगितला, की इतिहासाचा अभ्यासक सावध होतो. जदुनाथ सरकारांनीही १९१९ च्या चरित्रात १६२७ हेच साल घेतले होते. त्यामुळे या तिथीला धरून चालणाऱ्यांना भोळे म्हणण्याचे कारण नाही.

७/
कलाटणी आली ती कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून. कान्होजी जेधे यांच्या वंशजांकडे जपलेल्या शकावलीत वर्षवार, तिथीवार नोंदी होत्या. टिळकांनी ही जेधे शकावली १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे प्रकाशात आणली. तिच्यात शिवजन्माची नोंद होती : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ज्या टिळकांनी वैशाखातल्या तिथीवर उत्सव उभा केला, त्यांच्याच हातून त्या तिथीला प्रश्न विचारणारा कागद छापला गेला.

८/
एक नेहमीची शंका : शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येते, मग १६३० कसे? शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष पालटलेले असते. म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींसाठी साधारणपणे ७९ मिळवावे लागतात. गणित मांडले की १९ फेब्रुवारी १६३० या दिवशी शुक्रवारच येतो. तिथी आणि वार यांचा असा मेळ बसणे ही त्या नोंदीच्या बाजूची मोठी साक्ष.

९/
तरीही १९२७ मध्ये त्रिशताब्दी साजरी झाली ती जुन्या तिथीनेच. ३ मे १९२७, वैशाख शुद्ध द्वितीया. त्या दिवशी बदलापूरच्या उत्सवाचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्यावरच्या २० मार्चच्या सत्याग्रहाला जेमतेम सहा आठवडे लोटले होते. ज्या समाजाला पाणवठ्यावर जाण्यासाठी लढावे लागत होते, त्याच्या नेत्याला एका गावाने शिवोत्सवाच्या अध्यक्षपदी बसवले. तिथी कदाचित चुकली असेल. बदलापूरच्या समितीने केलेली निवड चुकली नव्हती.

१०/
आणि त्याच १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकर यांनी 'श्रीशिवभारत' प्रसिद्ध केले. कवींद्र परमानंदाचे हे संस्कृत काव्य, महाराजांच्या हयातीतले. त्याचे हस्तलिखित तंजावरला जपलेले होते. त्यातही जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असाच. कारीची शकावली आणि तंजावरचे काव्य एकमेकांपासून शेकडो मैलांवर राहिली आणि एकच दिवस सांगत होती. राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीनेही त्यांना दुजोरा दिला. मंडप उतरतो न उतरतो तोच पुरावा छापून तयार, असा तो विलक्षण योग.

११/
मग नवी तिथी मानणाऱ्यांनी काय केले? त्यांनी १९३० ची त्रिशताब्दी पुस्तकांनी साजरी केली. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांच्या संपादनाखाली 'शिवाजी निबंधावली' काढली. 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' त्याच काळात सुरू झाला, आणि सुरत, मुंबई, राजापूरच्या वखारींतली इंग्रजांची शिवकालीन पत्रे १९३१ मध्ये एकत्र छापली गेली. त्या वर्षी कोणत्या गावात किती मोठी मिरवणूक निघाली हे आज कोणाला ठाऊक नाही. पत्रसारसंग्रह मात्र शिवकालावर लिहिणाऱ्याला आजही टेबलावर लागतो.

१२/
समित्यांची दुसरी एक परंपरा कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये अखिल भारतीय श्री शिवाजी स्मारकाची संस्था स्थापन झाली. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात भांबुर्ड्याला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. शाहू महाराज मे १९२२ मध्ये गेले. शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी ओतलेला अश्वारूढ पुतळा जून १९२८ मध्ये उभा राहिला. पायाभरणीला राजपुत्र बोलावण्यावर तेव्हा तीव्र मतभेद झाले. स्मारकासोबत त्या संस्थेने शिक्षणाचे काम अंगावर घेतले. तिची शाळा-महाविद्यालये आजही पुण्यात चालतात. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारे कितीतरी अभियंते तिथूनच शिकून आलेले असतील.

१३/
स्वातंत्र्यानंतर प्रश्न शासनाच्या दारी गेला. १९६६ मध्ये महाराष्ट्र शासनाने जन्मतिथी ठरवण्यासाठी इतिहासकारांची समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक, ब. मो. पुरंदरे असे दिग्गज तीत होते. बहुमताचा कौल फाल्गुन वद्य तृतीयेकडे गेला, एकमत झाले नाही. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली ती २००१ मध्ये. कागद १९१६ मध्ये छापला आणि सुट्टीचा दिवस बदलला पंचाऐंशी वर्षांनी. पुरावा आणि रूढी यांच्यातले अंतर एवढे असू शकते.

१४/
यातही एक मेख आहे. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख. युरोपातल्या बऱ्याच देशांनी १५८२ पासून ग्रेगोरियन पद्धत घेतली. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये स्वीकारली. सतराव्या शतकातल्या सुरतकर इंग्रजांच्या पत्रांत जुन्याच तारखा असल्यामुळे शिवकालाच्या अभ्यासात त्याच रूढ झाल्या. आजच्या पद्धतीने मोजल्यास तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा १६ जून ठरतो. म्हणून 'तारीख शास्त्रीय आणि तिथी भावनिक' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. मूळ साधनांत लिहिलेली आहे ती तिथी; तारीख हे तिचे एक भाषांतर. वर्षभराच्या नियोजनाला तारीख सोयीची, हे मात्र खरे.

१५/
मोजण्याचेही दोन प्रकार. १९७४ मध्ये राज्याभिषेकाची त्रिशताब्दी झाली तेव्हा तीनशे वर्षे पूर्ण भरली होती. ३५० व्या वर्षाचे सोहळे मात्र जून २०२३ मध्ये सुरू झाले. तेव्हा ३४९ वर्षे पूर्ण होऊन ३५० वे लागले होते. दोन्ही रीती चालतात. पण चारशेव्या जयंतीचे फलक रंगवण्याआधी 'चारशेवे वर्ष लागले' म्हणायचे की 'चारशे वर्षे पूर्ण झाली', हे समितीने ठरवलेले बरे. पहिल्या हिशेबाने उत्सव फेब्रुवारी २०२९ मध्येच सुरू होतो.

१६/
आता पुन्हा मारुंजी. मुळशी तालुक्यातले हे गाव पाहता पाहता आयटी पार्कच्या कुशीत गेले. शेताच्या बांधाला लागून वीस-वीस मजली इमारती आल्या; गावठाणातल्या मंडळाची जयंती आणि सोसायटीतली जयंती अशा दोन वर्गण्या, दोन मंडप असणे या पट्ट्यात नवे राहिले नाही. नागपूर, लातूर, जळगावहून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली आहेत आणि त्यांना या गावाचा इतिहास सांगणारे कोणी भेटलेले नाही. हे गाव मावळच्या वेशीवरचे. महाराजांसोबत पहिल्या दिवसापासून होते ते याच खोऱ्यांतले लोक.

१७/
कारीच्या जेध्यांनी एक शकावली जपली म्हणून सबंध महाराष्ट्राला जन्मतिथी मिळाली. असे कागद आणखीही असतील. जमिनी विकल्या गेल्या, जुने वाडे पाडून इमारती झाल्या. त्या वाड्यांतल्या पेट्यांचे काय झाले, हे विचारण्याची वेळ हीच. वतनाची पत्रे, निवाडे, महजर, देवस्थानच्या सनदा मोडीत असतात, म्हणून घरच्यांनाही त्यांचे मोल कळत नाही आणि घर बदलताना त्या रद्दीत जातात. या मुलखातल्या कितीतरी देवळांबाहेर वीरगळ उन्हापावसात झिजत पडलेल्या आहेत. पुण्यात मोडी शिकवली जाते, पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ गावापासून तासाभराच्या वाटेवर आहे.

१८/
एका समितीने चारशेव्या जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा बाजूला काढला, गावातल्या चार पोरांना मोडी शिकायला पाठवले, घरोघरच्या कागदांची छायाचित्रे काढून यादी केली आणि वीरगळींवर छप्पर घातले, तर २०३० च्या उत्सवातले काहीतरी २१३० मध्येही हाताशी असेल. मिरवणूक तिथीने काढा किंवा तारखेने. ज्योत शिवनेरीवरून येईल, ढोल वाजतील, महाप्रसाद होईल. त्याशिवाय उत्सव तो कसला? पण १८९५ च्या मंडळींनी समाधी हे काम समोर ठेवले होते आणि उत्सव त्याच्यासाठी मांडला होता. समितीच्या पहिल्या बैठकीत दिवस ठरवण्याआधी काम ठरले, तर दिवसाचा वाद आपोआप थोडा लहान होईल.

(धागा समाप्त. आपल्या गावच्या समितीपर्यंत पोहोचवा.)