पत्ता किल्लीचा

रावेरजवळच्या एका केळीबागेत, मोटारीच्या खोलीत छोटा कॉम्प्युटर आहे. तापमापकाच्या नोंदी त्यात साठतात. धुळ्यात बसून मी एआयला विचारतो, ‘काल रात्री पारा कुठवर उतरला?’ आणि उत्तर येतं. पारा दहाच्या खाली रेंगाळला की केळीची वाढ खुंटते; कोवळ्या कांदेबागेच्या केळीला जानेवारी फार जड जातो. त्यामुळे हा प्रश्न रोजचा.

एआयला असं साधन वापरू देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. साधन त्याच मशिनवर असावं, नाहीतर वेबवर त्याला पत्ता असावा, ही त्याची नेहमीची रीत. मोटारीच्या खोलीतल्या सिम कार्डाला कसला पत्ता! मोबाइल कंपन्या एका आयपी पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. बाहेरून आत शिरायला वाटच नसते.

म्हणून मी नॉस्टरकडे वळलो. २०२० पासूनच्या या खुल्या जाळ्यात प्रत्येकाची किल्ल्यांची जोडी असते, एक गुप्त, एक उघडी. संदेशावर गुप्त किल्लीने सही होते, रिले नावाचे सर्व्हर तो पुढे देतात. बागेतला कॉम्प्युटर आपणहून रिलेला जोडला जातो आणि ऐकत राहतो, माझाही तसाच. सिम बदला, मशीन बदला, उघडी किल्ली हाच पत्ता. एक रिले बंद पडला तर दुसरा आहे. खानदेशातल्या शेतात बसवलेलं साधन कुणाच्या परवानगीशिवाय जगाला उत्तर देऊ शकतं, याचं मला फार मोल वाटतं. गुप्त किल्ली मात्र जिवापाड जपायची. हरवली तर ओटीपी मागवून परत मिळत नाही.

कसब लागतं ते पुढे. ही प्रश्नोत्तरं २०००० ते २९९९९ या प्रकार-क्रमांकांच्या संदेशांतून जातात, आणि ते रिलेने साठवावेत अशी अपेक्षा नसते. बागेत लाइट गेलेली असेल तर प्रश्न हवेतच विरतो. ठरावीक वेळ वाट पाहून तो पुन्हा पाठवावा लागतो. दोन रिले जोडले की एकच संदेश दोनदा येतो. संदेशाची ओळख त्याचा मजकूर, वेळ, किल्ली यांतूनच गणिताने निघते, ती ताडून दुसरी प्रत टाकून द्यायची. पुन्हा पाठवलेल्या प्रश्नाची वेळ नवी, त्यामुळे ओळखही नवी असते, म्हणून काम दोनदा होऊ शकतं. तापमान दोनदा वाचलं तर काही बिघडत नाही, मोटार दोनदा सुरू झाली तर बिघडतं. मोटारीचं बटण मी या वाटेवर आणलेलंच नाही.

सहीवरून नोंद कोणत्या किल्लीची ते कळतं. तापमापक भिंतीच्या उन्हाला टांगलाय की बागेच्या मधोमध, ते कळत नाही. थंडी पडायच्या आधी मी भुसावळ-सावदा करत रावेरला जातो आणि बागेच्या मालकांच्या हातातल्या थर्मामीटरशी आकडा ताडून पाहतो.