गृहिणीचा पाट

दिवाळी आली की पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की घरातली बाई दिसेनाशी होते. तिच्या बांगड्या ऐकू येतात, फोडणीचा वास येतो, मधूनच "आणखी घ्या ना!" असा आग्रहही येतो, पण बैठकीत हशा पिकतो तेव्हा ती कढईपाशी असते. कोण काय बोलले ते तिला रात्री आवराआवर करताना कोणाकडून तरी कळते. "जेवण फक्कड झाले," एवढे एक वाक्य तिच्या पदरात पडते आणि पाहुणे निघतात.

मी मूळची गिरगावातली. लग्न होऊन शहापूरला आले. आमच्याकडे पाहुण्यांचा राबता मोठा. शहापूरचे स्टेशन आसनगाव. "कल्याण सुटले," असा फोन आला की घरातल्या बाईच्या हाती साधारण एक तास उरतो: पाऊण तास गाडीचा आणि पाव तास रिक्षाचा. या तासाभराने मला पुष्कळ शिकवले. चार पदार्थांचा घाट घातला, तर पाहुणे दारात येतात तेव्हा आपला पदर हळदीचा आणि चेहरा घामाचा असतो. एकच पदार्थ नीट केला, तर वेणी घालून, पाणी घेऊन सामोरे जाता येते.

तो एक पदार्थ म्हणजे दडपे पोहे. चार माणसांना चार वाट्या पातळ पोहे, वाटीभर ओले खोबरे, दोन कांदे अगदी बारीक चिरून, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि चवीला साखर. सगळे हाताने कालवायचे. पोहे पाण्याने मात्र भिजवायचे नाहीत. कांद्याखोबऱ्याच्या अंगच्या ओलाव्यात ते मऊ होतात. फार तर फोडलेल्या नारळाचे पाणी शिंपडावे. वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. वीस मिनिटे तो वरवंटा आपले काम करतो आणि आपण केस विंचरतो! पाहुणे टेकले की हिंग, मोहरी आणि शेंगदाण्यांची फोडणी द्यायची, वर पोह्याचा पापड कुस्करायचा. दोन मिनिटांत आपण पुन्हा बाहेर.

आमच्या भागात असे आपले आपण होणारे पदार्थ पुष्कळ आहेत. दिवाळीत बाजारात करांदे आणि कोनफळे येतात. मीठ घालून उकडत ठेवली की त्यांच्याकडे बघावे लागत नाही. आदिवासी पाड्यांवर दिवाळी वाघबारशीपासूनच सुरू होते. तिथे काकडी किसून तांदळाच्या कण्यांत आणि गुळात कालवतात, पानात गुंडाळतात आणि उकडायला ठेवतात. चुलीवर भांडे चढले की बाया अंगणात मोकळ्या. चकलीसारखे तळणीपाशी खिळवून ठेवणारे प्रकार आदल्या दिवशी उरकावेत. पाहुण्यांच्या दिवशी असे पदार्थ असावेत, की जे आपल्याला बसू देतील.

आणि काही पदार्थ असे, की जे सर्वांनी मिळून बसल्याशिवाय होतच नाहीत. वालाचे बिरडे त्यांतले. इकडे भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर वाल पेरतात, आणि वाळवलेले वाल वर्षभर पुरतात. ते रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. एकटीने सोलायला बसले, तर जीव मेटाकुटीला येतो.

माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण मुरबाडला असे. मुरबाडला रेल्वे नाही. मावशी सरळगाव-किन्हवलीवरून एस.टी.ने येत. एका दिवाळीत त्या मोड आलेले वालच फडक्यात बांधून घेऊन आल्या. सासूबाई नेहमीप्रमाणे शेगडीपाशी उभ्या. मावशींनी परात मध्ये ठेवली, शेजारी दोन पाट मांडले आणि म्हणाल्या, "अक्का, शेगडी बारीक कर आणि बस इथं."

"पाहुणीनं काम करायचं का?"

"पाहुणीनं बोलायचं. हात आपले चालतात."

सासूबाई बसल्या. मीही बसले. वाल सोलता सोलता गोष्टी माहेरच्या विहिरीवर गेल्या. उन्हाळ्यात विहीर आटे, पाणी लांबून आणावे लागे, आणि त्यासाठी आईला दोन हात हवे होते. म्हणून सासूबाईंची शाळा चौथीत सुटली. धाकटी मात्र सातवी झाली आणि पुढे शाळेत शिकवू लागली. मावशी परातीत बघतच म्हणाल्या, "तुझ्या डोक्यावरच्या हंड्यावर मी शिकले, अक्का. हे तुला सांगायचं राहून जात होतं."

सासूबाईंनी उत्तर दिले नाही. हातातला वाल मात्र बराच वेळ हातातच राहिला. मी त्या घरात अकरा वर्षे होते, आणि ही हकीकत प्रथमच ऐकत होते. आता दोघीही नाहीत. मावशी दर वर्षी येत, दर वर्षी पंचपक्वान्ने होत. पण दोघींना शेजारी बसायला त्या वर्षी वालांनी लावले.

त्या दिवसापासून पाहुण्याला पाणी देताना माझा हात थोडा हळू चालतो. माझ्या माहेरच्या मुंबईला याच तालुक्यातले पाणी जाते. तानसा धरण १८९२ सालचे, पुढे भातसा झाले. गिरगावात नळ सोडताना शहापूर मला ठाऊकही नव्हते. आणि धरणांच्या या तालुक्यात आजही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. तरी कोणत्याही झोपडीत जा, बसण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. दुरून डोक्यावर आणलेले ते पाणी देताना घरची बाई हातचे राखत नाही; आणि दिल्यावर उंबऱ्याशी टेकून विचारते, "बरं हाय ना समदं?"

पाहुणचाराचे याहून सोपे शास्त्र मला अजून सापडलेले नाही. यंदा फराळाची यादी करताना त्यातले दोन जिन्नस खुशाल खोडा. पाहुण्यांचे पाट मोजताना मात्र एक पाट जास्त मांडा. तो तुमचा.